हिरवं पाणी, भरलेलं पाणी

समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळंशार, तळ दिसेल असं पाणी येतं. अंदमान, लक्षद्वीप, मालदीवच्या फोटोंनी ती सवय लावली आहे. पण ते पाणी इतकं नितळ का असतं, हे एकदा कळलं की त्या निळाईकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. ते नितळ असतं, कारण त्यात तरंगणारं फारसं काही नसतं. वनस्पती प्लवक कमी, म्हणून त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी कमी, म्हणून पुढची सगळी पंगतच तोकडी. प्रवाळाच्या खडकांभोवती जीवांची दाटी असते हे खरं, पण तिथून थोडं बाहेर पडलं की उष्ण कटिबंधातला तो सुंदर निळा समुद्र बराचसा उपाशीच असतो.

आता दुसरं टोक बघू. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून व्हँकुव्हर बेट आहे, साडेचारशे किलोमीटरहून जास्त लांब. त्याच्या उत्तर टोकाजवळ पोर्ट हार्डी नावाचं छोटं गाव आहे, आणि तिथून बोटीने जवळच ब्राउनिंग पास नावाची चिंचोळी सामुद्रधुनी. हिवाळ्यात इथलं पाणी सात-आठ अंश सेल्सियसवर असतं. वरून बघितलं तर ते काळपट हिरवं दिसतं, आणि कोकणातल्या माणसाला पायाचा अंगठाही बुडवावासा वाटणार नाही. पण याच सामुद्रधुनीतला ब्राउनिंग वॉल हा पाण्याखालचा उभा कडा बघायला जगभरातले पाणबुडे येतात. त्या कड्यावर हाताचा पंजा टेकवायला मोकळा खडक सापडत नाही. पांढरी पिसारेदार समुद्रफुलं, लाल मऊ प्रवाळ, पिवळे स्पंज, त्यांच्यावर चढलेले दुसरे जीव, आणि त्या जीवांच्या पाठीवर आणखी तिसरे. रिकामी जागा हीच तिथली सगळ्यात दुर्मीळ वस्तू आहे.

हे वैभव थंडीमुळेच आहे. सोड्याची बाटली कोमट झाली की तिच्यातला वायू उडून जातो आणि गार असली की तो पाण्यात टिकून राहतो. समुद्रातल्या ऑक्सिजनचंही तसंच. दहा अंशांच्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना तो जेमतेम 6 वर येतो. म्हणजे श्वास घ्यायला थंड पाण्यात दीडपट ऑक्सिजन मिळतो. पण त्याहून मोठं कारण आहे खताचं. समुद्रात जे मरतं ते खाली बुडतं, आणि नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे सगळं खोल अंधारात साचत जातं. उष्ण समुद्रात वरचा गरम, हलका थर झाकणासारखा बसून राहतो आणि खालचं खत वर येऊच देत नाही. जिथे उजेड आहे तिथे खत नाही, जिथे खत आहे तिथे उजेड नाही. थंड समुद्रात हे झाकण पातळ असतं. वारा, प्रवाह, भरती-ओहोटी पाणी तळापासून ढवळतात, खत उजेडात येतं, आणि वसंतात दिवस मोठा झाला की वनस्पती प्लवकांचं असं पीक येतं की पाणी हिरवंगार होतं. आपल्याकडे पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याजवळ खालचं गार पाणी वर येतं, आणि तारली-बांगड्यांची रेलचेल त्याच्यावर पोसली जाते. तोच नियम, फक्त उत्तरेकडे तो अधिक जोरात आणि वर्षातले जास्त महिने चालतो.

म्हणून पाण्याचा हिरवा गढूळपणा हा दोष मानणं मला पटत नाही. ते वाढलेलं ताट आहे.

व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये शेकडो लहान बेटं आहेत, आणि त्यांच्यामधल्या अरुंद वाटांनी दिवसातून दोनदा प्रचंड पाणी आत येतं, दोनदा बाहेर जातं. कॅम्पबेल रिव्हरजवळच्या सीमोर नॅरोज या वाटेत पाण्याचा वेग 15 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी 28 किलोमीटरच्या आसपास पोचतो. या वाटेच्या मधोमध पाण्याखाली रिपल रॉक नावाचा दुहेरी सुळका होता. त्याच्यावर आपटून इतकी जहाजं फुटली की शेवटी समुद्रतळाखालून बोगदा खणून, सुळक्याच्या पोटात 1,375 टन स्फोटकं भरून 5 एप्रिल 1958 रोजी तो उडवून देण्यात आला. अणुस्फोट सोडले तर मानवाने घडवून आणलेल्या त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांपैकी तो एक. आणखी उत्तरेला नाक्वाक्टो रॅपिड्स ही अशीच अरुंद वाट आहे. तिथल्या मधल्या छोट्या बेटाला लोक थरथरतं बेट म्हणतात, कारण भर ओहोटीत त्यावर उभं राहिलं की पाण्याच्या माऱ्याने खडक हादरतो असं सांगितलं जातं. त्या बेटाच्या पाण्याखालच्या अंगाला चिकटून देठाच्या बार्नॅकलची, म्हणजे खडकाला कायमचं चिकटून जगणाऱ्या कवचधारी जीवांची, दाट वस्ती आहे, आणि इथल्या बार्नॅकलचे ओठ लालभडक असतात. पाणी जितकं जोरात वाहील तितकं जास्त अन्न त्यांच्या तोंडासमोरून जातं. माणसाला भीतिदायक असलेला हा प्रवाह त्यांच्यासाठी घरपोच जेवण आहे.

अशा ठिकाणी पाण्यात उतरायची वेळ माणूस ठरवत नाही. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी काही वेळ ठरतं. कुठे अर्धा तास, कुठे जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. बोटीवरची मंडळी वेळापत्रक आणि पाणी दोन्ही बघत बसतात. शेवाळाच्या लांब पट्ट्या एका दिशेला ताणलेल्या असतात, त्या हळूहळू सैल पडतात, सरळ उभ्या राहतात. तेव्हाच उडी मारायची, आणि त्या पट्ट्या उलट दिशेला झुकायला लागल्या की वर यायचं. मालवणच्या समुद्रावर वाढलेल्या माणसाला भांग आणि उधाण यांचा हिशेब शिकवावा लागत नाही. तोच हिशेब इथे जिवाशी बांधलेला आहे.

अंगावर काय असतं? पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. सिंधुदुर्गाजवळच्या पाण्यात तीन मिलिमीटरचा रबरी पोशाख पुरतो. आठ अंशांत तो पोशाख घालून तास काढणं अशक्य आहे. म्हणून ड्रायसूट वापरतात. मान आणि मनगटाशी घट्ट बसणारी रबरी पट्टी, छातीवरून किंवा खांद्यांवरून जाणारी जलरोधक चेन, आणि आत लोकरी किंवा तसेच जाड, ऊबदार कपडे. पाणी आत शिरतच नाही. खरी ऊब देतो तो कपड्यांत अडकलेला हवेचा थर. पण ही हवाही खाली जाताना दबते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, कपडा अंगाला आवळत जातो, म्हणून छातीवरचं बटण दाबून टाकीतली थोडी हवा पोशाखात सोडत राहावी लागते. वर येताना तीच हवा फुगते, ती वेळेवर बाहेर सोडावी लागते. शिवाय इतकी हवा अंगाभोवती असताना बुडायचं तर कमरेला दहा-पंधरा किलो शिसं हवं. आणि बोटं. हातमोजे कितीही चांगले असोत, पाऊण तासानंतर बोटांना बटणं ओळखू येईनाशी होतात. थंड पाण्यात फोटो काढणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या पेटीची प्रत्येक कळ डोळे मिटून सापडावी इतकी पाठ केलेली असते, ती यासाठी.

आता उजेडाकडे येऊ, कारण या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोठं नवल मला तिथेच वाटतं.

पाणी प्रकाशातला लाल रंग आधी गिळतं. पाच-सहा मीटर खाली गेलं की लाल जवळजवळ नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. निळ्या समुद्रात शेवटी निळा उरतो. हिरव्या पाण्यातले प्लवक निळाही खातात, म्हणून उरतो तो हिरवा. वीस मीटर खोल कड्यावर दिवा न लावता बघाल तर सगळं राखाडी-हिरवं, आणि मधेमधे काळे डाग. मग दिवा लावायचा. ते काळे डाग एकदम कुंकवासारखे लाल होतात. किरमिजी समुद्रफुलं, त्यांच्या स्पर्शकांच्या आत लाल-पिवळ्या पट्ट्यांची कोळंबी, लाल तारामासे, लाल मऊ प्रवाळ. त्या खोलीवर लाल असणं म्हणजे काळं असणं, म्हणजे लपून राहणं. हे रंग तिथे शतकानुशतकं होते, पण लाल प्रकाशच नसल्यामुळे ते कधी प्रकट झालेच नव्हते. हातात दिवा घेऊन माणूस उतरला आणि पहिल्यांदा ते दिसले. मला हे पुन्हा पुन्हा आठवावंसं वाटतं.

पाण्याखालच्या फोटोंचा इतिहासही थंड पाण्यातच सुरू झाला. 1856 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्प्सन या निसर्गप्रेमी गृहस्थाने कॅमेरा एका पेटीत बंद करून, खांबाला बांधून, बोटीतून सुमारे साडेपाच मीटर खाली सोडला. दोरी ओढून पेटीचं झाकण उघडलं आणि काही मिनिटं काच प्रकाशात ठेवली. पेटीत पाणी शिरलं, चित्र धूसर आलं, पण खडक आणि समुद्री वनस्पती ओळखू आल्या. 1893 मध्ये लुई बुतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात स्वतः उतरून फोटो काढले. पुढे विजेचा झगझगीत फ्लॅश आला, त्यानंतर पाणबुड्यांच्या हातात मावणारे कॅमेरे आले, आणि तो इतिहास मोठा आहे. आपल्याला पुढे छोट्या जीवांकडे जायचं आहे.

छोट्या जीवांच्या फोटोत एक अडचण अशी आहे की तिच्यावर कुठल्याही महागड्या यंत्राचा उपाय चालत नाही. एक सेंटिमीटरचा जीव कॅमेऱ्याच्या संवेदकावर एक सेंटिमीटरचाच उमटवायचा, म्हणजे ज्याला छायाचित्रकार एकास एक म्हणतात तसं मोठेपण आणायचं, तर फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी दीड-दोन मिलिमीटर उरते. त्याच्या पुढचं-मागचं सगळं विरघळून जातं. कॅमेऱ्याचं छिद्र बारीक केलं तर पट्टा थोडा जाड होतो, पण फार बारीक केलं तर प्रकाश कडांवरून विखुरतो आणि सगळंच मऊ पडतं. म्हणजे जीवाचा डोळा स्पष्ट हवा की शेपटी, हे आधी ठरवावं लागतं. त्यात पाणी हलतंय, जीव ज्या शेवाळावर बसलाय ते हलतंय, आणि आपला श्वास आपल्याला वर-खाली नेतोय. अनुभवी माणसं श्वासाच्या लयीवर फोटो काढतात. श्वास सोडला की शरीर किंचित खाली जातं, त्या उतरण्यात एक क्षण डोळा नेमक्या पट्ट्यात येतो.

आणि पाण्यातले कण. फ्लॅश कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असेल तर भिंग आणि जीव यांच्यामधला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. म्हणून दोन फ्लॅश लांब दांड्यांवर बाजूला धरतात, त्यांचा उजेड तिरका टाकतात, म्हणजे फक्त जीव उजळतो आणि मधलं पाणी अंधारात राहतं. कुणी फ्लॅशला अरुंद नळी लावून बोटभर रुंदीचाच झोत टाकतात. इतका खटाटोप ज्या कणांना टाळण्यासाठी करायचा, ते कण म्हणजे प्लवक, अंडी, अळ्या, मेलेल्या जीवांचे तुकडे. समोरचा जीव तेच खाऊन जगतो. फोटो खराब करणारी वस्तू नसती तर फोटो काढण्यासारखं तिथे काही राहिलंच नसतं.

आता त्या जीवांकडे. माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते बार्नॅकलच्या रिकाम्या घरात.

कोकणातल्या खडकांवर अनवाणी चाललेल्या कुणालाही बार्नॅकल माहीत आहे, नाव माहीत नसलं तरी. पाय कापतात ते पांढरे, धारदार सुळके. दिसतात शिंपल्याच्या जातीचे, पण नातं खेकडा आणि कोळंबीशी. पिल्लू पोहत येतं, आवडीची जागा शोधतं, डोक्याने खडकाला कायमचं चिकटतं, भोवती चुन्याच्या भिंती बांधतं, आणि उरलेलं आयुष्य पाय बाहेर काढून पाण्यातलं अन्न तोंडात ओढत काढतं. चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं बार्नॅकलच्या अभ्यासात घालवली. उत्क्रांतीचं पुस्तक बाजूला ठेवून. त्या अभ्यासाच्या शेवटी, 1854 मध्ये, त्याने ज्या जातींना नावं दिली त्यांत उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बॅलॅनस न्यूबिलस होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या बार्नॅकलपैकी हे एक, दहा सेंटिमीटर रुंदीचंही सापडतं.

असं एखादं मोठं बार्नॅकल मेलं की त्याचं घर रिकामं होतं. तिथे ग्रंट स्कल्पिन राहायला येतो. सात-आठ सेंटिमीटरचा हा मासा पोहण्यात यथातथाच. छातीच्या परांच्या सुट्या काड्यांवर तो खडकावरून टुकूटुकू चालतो. पाण्याबाहेर काढलं तर गुरगुरतो, म्हणून हे नाव. रिकाम्या घरात तो तोंड बाहेर ठेवून बसला की त्याचं टोकदार, पट्टेरी नाकाड हुबेहूब झाकण मिटलेल्या बार्नॅकलसारखं दिसतं. आणि उलटा, शेपूट बाहेर ठेवून बसला, तर ती पंख्यासारखी शेपूट बाहेर येऊन अन्न ओढणाऱ्या बार्नॅकलच्या पायांसारखी दिसते. म्हणजे तो कसाही बसला तरी बघणाऱ्याला तिथे जिवंत बार्नॅकलच आहे असं वाटतं. घराच्या मूळ मालकाची दोन रूपं, मिटलेलं आणि उघडलेलं, एकाच माशाच्या दोन टोकांवर. एवढं नेमकं सोंग निवड आणि काळ यांनी मिळून घडवलं, आणि ते ज्या जीवाचं सोंग आहे त्याला नाव दिलं होतं नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणाऱ्यानेच. डार्विनला हा मासा दाखवता आला असता तर, असं मनात येतं.

त्याच परिसरात, खाडीतल्या शेवाळात आणि सागरी गवतात, पॅसिफिक लंपसकर असतो. दोन-तीन सेंटिमीटरचा गोळा, अंगभर काटेरी बोंडं. याच्या पोटावरचे पर एकत्र येऊन त्यांचं चकतीसारखं चूषक झालेलं आहे. मासा दगडावर, शेवाळाच्या पानावर, क्वचित पाणबुड्याच्या हातमोज्यावरही ते चिकटवून बसतो. पोहायला लागला की एवढेसे पर जिवाच्या आकांताने हलवतो आणि फारसा पुढे जात नाही. अंगावरची बोंडं दातांच्याच घटकांची, इनॅमलची बनलेली असतात. इतक्या ढिल्या पोहणाऱ्याला प्रवाहात खडकावर आदळल्यावर ते चिलखत उपयोगी पडत असावं. अंड्यांची राखण नर करतो, आणि त्यासाठी तोही कधीकधी बार्नॅकलचं रिकामं घरच निवडतो. एक जीव मेला आणि त्याने दुसऱ्यांना पाळणाघर दिलं.

आणि न्यूडिब्रँक. मराठीत त्यांना समुद्री गोगलगाय म्हणतात, पण शंख त्यांच्या पाठीवर नसतो. पिल्लाला असतो, मोठं होताना ते टाकून देतं. संरक्षणाचं घर सोडून दिलेला मऊ प्राणी जगतो कसा? इथल्या पाण्यातली हर्मिसेंडा बघा. चार-पाच सेंटिमीटरचं अंग जवळजवळ पारदर्शक, त्यावर नारिंगी रेघ, निळसर चमकणाऱ्या कडा, आणि पाठीवर टोकदार बोटांचं दाट रान, प्रत्येक बोटाचं टोक पांढरं. ती हायड्रॉइड आणि समुद्रफुलांच्या जातीचे जीव खाते. त्या जीवांच्या अंगात डंखाच्या सूक्ष्म पेशी असतात, स्पर्श होताच विषारी धागा फेकणाऱ्या. हर्मिसेंडा त्या न फुटता गिळते, पचवत नाही, आतल्या नळ्यांतून पाठीवरच्या बोटांच्या टोकांपर्यंत नेते आणि तिथे साठवते. मासा चावायला आला की उधारीचं ते शस्त्र त्याच्या तोंडात सुटतं. खाल्लेल्या प्राण्याचं हत्यार स्वतःच्या अंगात चालू स्थितीत ठेवणं, हे मला कितीदाही वाचलं तरी खरं वाटायला वेळ लागतो.

या रंगांची आणखी एक गंमत. हर्मिसेंडाच्या प्रत्येक डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी फक्त पाच. त्यांनी उजेड आणि सावली एवढंच कळतं, चित्र उमटत नाही. स्वतःचा निळा-नारिंगी साज तिला कधी दिसत नाही, जोडीदाराचाही नाही. ती जग ओळखते डोक्यावरच्या दोन शिंगांनी, वासाने. तो रंग बघणाऱ्या माशांसाठी असावा, दूर राहा असं सांगणारा. आणि याच पाच पेशींच्या डोळ्यामुळे ती मेंदूच्या अभ्यासात प्रसिद्ध झाली. उजेडाबरोबर हेलकावे दिले की ती उजेडाला बिचकायला शिकते, आणि ते शिकणं कोणत्या पेशीत साठलं हे शोधता येतं. आठवण म्हणजे काय, या प्रश्नाचं काही उत्तर एका समुद्री गोगलगायीच्या डोळ्यात सापडलं.

तिच्या बहिणी तितक्याच विलक्षण. मेलिबीला दातांची पट्टीच नसते. डोक्याचा मोठा पारदर्शक घुमट झालेला असतो, कडेला मिशा. तो घुमट ती पाण्यात उघडून धरते, प्लवक आत आले की मिटते, गिळते. कातलेल्या काचेसारख्या या मेलिबी केल्प नावाच्या मोठ्या शेवाळाच्या पानांवर झुंडीने बसतात आणि हातात घेतल्या तर त्यांच्या अंगाला कलिंगडासारखा गोडसर वास येतो. डेंड्रोनोटस आयरिस नावाची वीतभर मोठी होणारी जात नळीत राहणाऱ्या समुद्रफुलावर झडप घालते. अगदी हळू जवळ जाते, पुढचं अंग उचलते, आणि झपकन स्पर्शकांवर तुटून पडते. समुद्रफूल नळीत आत ओढलं जातं आणि कधी गोगलगायही त्याच्यामागे आत जाते. थोड्या वेळाने चार स्पर्शक खाऊन ती बाहेर येते. समुद्रफूल मरत नाही, स्पर्शक पुन्हा उगवतात. आणि गोगलगाय अंडी घालते तीही बहुतेक त्याच नळीवर.

असे फोटो काढून होतं काय, असं कुणी विचारलं तर मी सुंदर चित्रांच्या आधी नोंदीचं नाव घेईन. हर्मिसेंडा ही जपानपासून मेक्सिकोपर्यंत पसरलेली एकच जात आहे असं बराच काळ मानलं जात होतं. 2016 मध्ये अभ्यासातून कळलं की त्या तीन वेगळ्या जाती आहेत, एक उत्तरेची, एक दक्षिणेची, एक पलीकडच्या आशियाई किनाऱ्याची. वेगळेपण पाठीवरच्या पांढऱ्या रेघांतही दिसतं. म्हणजे जुन्या पाणबुड्यांनी तारीख-ठिकाण लिहून ठेवलेले फोटो आता कोणती जात कुठवर पोचत होती हे सांगू शकतात.

आणि दुःखाच्या नोंदीही. 2013 पासून या किनाऱ्यावरचे तारामासे अंग वितळून, हात गळून मरू लागले. वीसहून जास्त जातींना रोग लागला. सर्वांत जास्त मार बसला सूर्यतारामाशाला. चोवीसपर्यंत हात असलेला, मीटरभर रुंद, समुद्राच्या तळावर धावणारा हा शिकारी. अब्जावधी मेले. मूळ संख्येतले 90 टक्क्यांहून जास्त गेले, आणि 2020 मध्ये त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त यादीत झाला. तो ज्या काटेरी सी अर्चिनना खायचा ते मोकाट वाढले आणि त्यांनी केल्पची जंगलं फस्त केली. मेलिबी ज्या पानांवर बसतात तीच. रोगाचं कारण बारा वर्षं हुलकावणी देत राहिलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संशोधकांनी ते जाहीर केलं, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा या जिवाणूचा एक प्रकार. रोगाबरोबर उष्णताही आली. 2021 च्या जूनअखेरीस त्याच प्रदेशात अशी उष्णतेची लाट आली की ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिटन गावात पारा 49.6 अंशांवर गेला, आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर शिंपले, बार्नॅकल, तारामासे जागीच भाजून निघाले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर हार्ली यांनी मेलेल्या किनारी जीवांचा अंदाज एक अब्जाहून जास्त सांगितला. थंड पाण्याची श्रीमंती थंडीवर टिकून आहे, आणि ती थंडी कमी होते आहे. म्हणून तिथे पाण्याखाली जाऊन, बोटं बधिर होईपर्यंत, एका सेंटिमीटरच्या जीवाचा नेमका फोटो काढणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. आधी काय होतं हे त्यांच्यामुळे उरतं.

सिएटलच्या परिसरात आणि व्हँकुव्हरमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सांगायचं आहे. हे जग बघायला पोर्ट हार्डीपर्यंत जावं लागत नाही. सिएटलच्या उत्तरेला एडमंड्समध्ये फेरीच्या धक्क्याशेजारी 1970 पासून पाण्याखालचं राखीव उद्यान आहे, आणि वेस्ट व्हँकुव्हरमधल्या व्हाइटक्लिफ पार्कमध्ये किनाऱ्यावरून चालतच पाण्यात उतरता येतं. उतरायचं नसेल तर नुसत्या ओहोटीच्या वेळी जा. ड्रायसूट शिकायचा असेल तर हिवाळ्यात शिका, तेव्हा प्लवकांचं पीक ओसरलेलं असतं आणि पाणी सगळ्यात स्वच्छ असतं.

आणि जे मुंबई-कोकणात आहेत त्यांनाही न्यूडिब्रँक बघायला ड्रायसूट लागत नाही. मुंबईतल्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या डबक्यांत ते आहेत. 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट लोकांना तिथे घेऊन जातो आणि दिसलेल्या जीवांच्या नोंदी ठेवतो. हिवाळ्यात, मोठ्या ओहोटीचा दिवस बघून, मुलांना घेऊन जा. पायात जाड तळव्याचे बूट घाला, शेवाळावरून जपून चाला. दगड उचललात तर ज्या बाजूने होता त्याच बाजूने परत ठेवा, त्याच्या खालच्या अंगाला कुणाची तरी अंडी असतात. जीव हातात घेऊ नका. फोटो मोबाइलनेच काढा, आणि त्याच्याबरोबर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा.